चावरं पाणी

माझी पार्बता आत्या मौद्याजवळच्या तळ्यात छातीभर पाण्यात उभी राहून शिंगाडे तोडायची. आम्हा ढीवरांच्या बायांचं तेच काम. पावसाळा सरता सरता पाणी चावायचं, अंगभर पुरळ उठायचं. थंडी पडली की ते थांबायचं.

बहात्तर साली जनावरांच्या डॉक्टरनं तळ्यातली एक गोगलगाय काचेच्या पेल्यात घालून उन्हात ठेवली. पाणी कोमट झालं तशी तिच्यातून पांढरी भुकटी निघाली आणि पोहू लागली.

"हेच किडे चावतात. हिच्या पोटात वाढतात, ऊब मिळाली की बाहेर पडतात," एवढं सांगून डॉक्टर हात धुऊन निघून गेला. आमच्या बाया पुन्हा त्याच पाण्यात उतरल्या, दुसरं करणार काय?

गोगलगाय मात्र जिवंत होती, शांतपणे काच चाटत होती. तेच आत्याच्या मनातून जाईना. त्यानंतर पेला उजेडात धरल्याशिवाय ती कधी पाणी प्यायली नाही.

पुढं एका वर्षी थंडी पडलीच नाही. पौषातही पाणी चावलं. आत्या टोपली टाकून काठावर आली आणि तळ्याकडे बघत बसली.

"काहून बसली वं आत्या?" मी विचारलं.

"हा एवढा मोठा पेला पाहून राहिली," ती म्हणाली. "यंदा कोणी उन्हातून उचललाच नाही."