मामांच्या गाडीचं लाईट फिटिंग

अंधार म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलेला आपला अपमान, असं मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही इथं मामाच म्हणेन. अहमदपूर आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांची लग्नं झाली, त्यातल्या बऱ्याच नवरा-नवरींनी एकमेकांचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं ते मामांच्या फोकसखाली. पुढं काहींना त्याचा पश्चात्ताप झाला असेल, पण त्यात लाईटची काही चूक नव्हती असं मामांचं म्हणणं आहे. मांडव आणि लाईट हा त्यांचा धंदा. कुणाच्याही घरी गेले की ते आधी माणसांकडं बघत नाहीत, छताकडं बघतात. एकदा मी त्यांच्याबरोबर एका घरी मयतीला भेटायला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले आणि आमचे मामा तेवढे वर मान करून. लोकांना वाटलं, देवाला जाब विचारतायत. शेवटी त्यांनी गेलेल्या माणसाच्या मुलाला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "हा होल्डर कुणी बसवला?" मुलगा डोळे पुसत म्हणाला, "बाबांनीच बसवला होता." मामांनी परत एकदा होल्डरकडं बघितलं. मग म्हणाले, "जाऊ दे. मानूस चांगला होता."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं नांदेडला खोली घेतली तेव्हा सगळे नातेवाईक आशीर्वाद द्यायला येऊन गेले. मामाही आले. त्यांनी आशीर्वाद दिला नाही, ट्यूबकडं बघितलं. "ह्या उजेडात कोन पास होईल रे?" असं म्हणून त्यांनी खिशातून टेस्टर काढला. पेन विसरतील, पण टेस्टर विसरत नाहीत. पुढच्या काही मिनिटांत माझ्या खोलीचीच नाही, तर पूर्ण बिल्डिंगची लाईट गेली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मुलांचा पेपर होता. ती मुलं जिन्यात उभी राहून जे बोलली ते मला इथं लिहिता येणार नाही. मामांनी मात्र शांतपणे निदान केलं, "बिल्डिंगचंच काम कच्चं हाय." तेव्हापासून मला फिजिक्स आहे हे कळल्यामुळं ते मला नावानं हाक मारत नाहीत. "ए कॉलेज," म्हणतात.

अशा माणसानं उतारवयात एका इंग्रजी शाळेची मोडीत निघालेली पिवळी गाडी घरी आणली आणि तिच्यात राहायची सोय करायला घेतली, तेव्हा गावानं आपापल्या बुद्धीप्रमाणं अर्थ लावला. कुणी म्हणालं काशीला चाललेत, कुणी म्हणालं आत्यानं घराबाहेर काढलं. खरं कारण आम्हा घरच्यांना माहीत होतं, आणि ते या दोन्हींपेक्षा विचित्र होतं. मामांची एकुलती एक लेक, माझी ताई, बिलोलीच्या पुढं तेलंगणाच्या हद्दीजवळच्या गावात दिली आहे. लेकीची कूस उजवेपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाणी प्यायचं नाही, मुक्काम करायचा नाही, ही आमच्यातली जुनी रीत. आता ती फारसं कुणी पाळत नाही. ताईच्या सासऱ्यांनीही कितीदा सांगितलं, "पाव्हणं, सोडा की आता." पण मोबाईलवर हवामान बघणारे आमचे मामा या बाबतीत त्यांच्या आजोबांपेक्षा कडक, आणि आत्याही त्यांच्याच पंगतीला. दोघं पाण्याची बाटली घेऊन जायची, ओट्यावर बसायची आणि शेवटची एसटी गाठायला उठायची. घरून नेलेली भाकरी बिलोलीच्या स्टँडवर खायची. मामांच्या मते यात कुणाची गैरसोय नव्हती.

पण मागच्या वर्षी ताईचं दुसऱ्यांदा पोटातलं गेलं. अशा वेळी माहेरी यायचं, तर तिच्या सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलेलं, त्या अंथरुणावर. ताईला घर सोडता येईना आणि आत्याला तिथं राहता येईना. फोनवर ताई "मी बरी आहे" म्हणायची आणि आत्या फोन ठेवून चुलीपुढं बसून राहायची. एखाद्या साध्या माणसानं अशा वेळी रीत मोडली असती. मामांनी गाडी आणली. लेकीच्या दारात उभी राहील, पण घर आपलं, पाणी आपलं, छप्पर आपलं. आत्याला लेकीजवळ राहता येईल आणि आजोबांचा आत्माही शांत राहील. इतका सरळ प्रश्न इतक्या वाकड्या वाटेनं सोडवायचा तर त्याला प्रतिभाच लागते, असं मला वाटतं.

गाडीत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी हे सगळं सुतारानं पटकन करून दिलं. लाईट फिटिंगला मात्र मामांनी कुणाला हात लावू दिला नाही. अडचण एवढीच होती की मामांना फक्त मांडवाची वायरिंग येत होती. मांडव एका जागी उभा असतो आणि दुसऱ्या दिवशी उतरवायचा असतो. त्यामुळं दातानं वायर सोलायची, दोन टोकांना पीळ द्यायचा, वर टेप गुंडाळायची, झालं. मांडवात सगळी बटणं स्टेजच्या मागं एका बोर्डावर असतात, म्हणून गाडीतली सगळी बटणंही त्यांनी ड्रायव्हरच्या मागं एका बोर्डावर बसवली. आत्यानं पलंगावर पडून बघितलं आणि विचारलं, "आन् मला इथला दिवा बंद करायचा झाला तर?"

"मला आवाज दे."

"तुमी झोपले असले तर?"

"झोपलो असलो तर माझा दिवा लागलेला कशाला असंल?"

"तुमचा न्हाई हो. माझा."

मामांनी विचार केला. "तू बी झोप की मग," म्हणाले.

छताला पट्टी लाईट लावली तेवढ्यावर भागलं असतं. पण धंद्यात उरलेल्या माळा घरात पडून होत्या, आणि माळ पडून राहणं मामांना सहन होत नाही. त्यांनी त्या गाडीच्या बाहेरून चारी बाजूंनी सोडल्या, पुढच्या काचेवर एक लखलखणारं कमळ बसवलं आणि हे सगळं चालावं म्हणून एक इन्व्हर्टर जोडला. मी वहीत हिशेब करून भीत भीत सांगितलं की मामा, एवढ्या माळा या बॅटरीवर फार वेळ टिकणार नाहीत, आणि गाडी हलल्यावर हे जोडही निसटतील. त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "तुझ्या कॉलेजात किती लग्नं लागली?" एकही लागलं नव्हतं, म्हणून मी वही मिटली.

त्यात मी आणखी एक मूर्खपणा केला. म्हणालो, बॅटरी उतरलीच तर ताईच्या घरून एक वायर घेऊ. मामा हातातली पक्कड खाली ठेवून उभे राहिले. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, तर लेकीच्या घरची लाईट चालते का? हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता, पण पडल्यावर तो मामांना झोपू देईना. ते मठात जाऊन स्वामीजींना विचारून आले. स्वामीजी म्हणाले, पोथ्यांत विजेबद्दल काही आलेलं नाही. आलेलं नाही म्हणजे मनाई नाही, असं मला वाटलं. आलेलं नाही म्हणजे परवानगी नाही, असं मामांना वाटलं. आत्या म्हणाली, "बापानं लेकीला दिलं की संपलं. परत घ्यायचं न्हाई काई." विषय मिटला.

आम्ही तिघं दुपारी निघालो, गाडी मामाच चालवत होते. मुखेड मागं पडलं आणि रस्त्यानं आपले गुण दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक खड्ड्याला मागून काहीतरी टिचकन वाजायचं आणि मामा म्हणायचे, "भांडं असंल." नरसीच्या पुढं दिवस मावळला. अंधार दिसल्याबरोबर मामांचा हात बोर्डाकडं गेला. माळा पेटल्या, कमळ उमललं, आणि आमची गाडी वरातीसारखी चालू लागली. समोरून येणारे लोक मोटारसायकली बाजूला घेऊन वाकून आत बघायचे. एका म्हाताऱ्यानं तर हात करून थांबवलंच. "नवरदेव कुठंय?" त्यानं विचारलं. आत्यानं मामांकडं बोट दाखवलं. "हे काय, बसलाय की." ताईच्या गावात शिरलो तेव्हा "पेल्ली, पेल्ली" ओरडत पोरं मागं लागली. तेलुगूत पेल्ली म्हणजे लग्न. एवढा गोंगाट ऐकून गल्लीतली दारं उघडली, आणि त्यातल्या एका दारात ताई उभी होती. ती फार वाळली होती. गाडीवरच्या कमळाकडं बघून ती आधी चकित झाली, मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला उंबऱ्यावर बसावं लागलं. आत्या उतरायचीही थांबली आणि नुसती तिच्याकडं बघत राहिली.

मामांनी मोठ्या ऐटीत गाडीचं मागचं दार उघडलं आणि आतल्या दिव्यांची बटणं दाबली. काही लागलं नाही. परत दाबली. आतले सगळे जोड वाटेत निसटले होते. आत काळोख आणि बाहेर लखलखाट. मग बॅटरीनंही मान टाकली, आणि कमळासकट सगळं विझलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताईचे सासरे घरातून वायरचा बोर्ड घेऊन आले. "पाव्हणं, खिडकीतून देतो, लावा." मामांनी हात जोडले आणि मान हलवली. सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. तेवढ्यात ताई गाडीत चढली, चाचपडत पलंगावर बसलेल्या आईजवळ गेली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. "राहू द्या मामंजी," ती आतून सासऱ्यांना म्हणाली. "मला माहेरी कळतं कुठं काय आहे ते." सासऱ्यांनी वायर गुंडाळून घेतली. मी मोबाईलचा उजेड धरला आणि आत्यानं एका हातानं लेकीच्या केसांतून बोटं फिरवत दुसऱ्या हातानं शेजारच्या शेगडीवरचं पिठलं ढवळलं. घरातून सासूबाईंचा आवाज आला, "मांडव घातलाव तर जेवण बी पाठवा की, विहीणबाई." ताई ताट घेऊन गेली आणि जेवायला परत गाडीत आली.

मी दोन दिवसांनी नांदेडला परतलो. मामाही चार दिवसांनी आत्याला आणि गाडीला घेऊन निघणार होते, फक्त वायरिंग नीट करायची राहिली होती. मी फोन केला की म्हणायचे, "काम चालू हाय." बॅटरी चार्ज करायला ते ती गावातल्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर बांधून बिलोलीला न्यायचे. ज्या माणसानं तासाभरात अख्खा मांडव उजळवला, त्याचं एका गाडीचं काम महिना झाला तरी संपेना. म्हणून सुट्टी मिळाल्यावर मी गेलो. गाडी तिथंच होती. तिच्या आरशापासून ताईच्या खिडकीपर्यंत दोरी बांधून दोन्ही घरांचे कपडे एकत्र वाळत घातले होते. आत्या गाडीच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसून ताईची वेणी घालत होती. ताईच्या गालांवर थोडं मांस आलं होतं. मी आत जाऊन बटणं दाबून पाहिली. सगळे दिवे लागले. जोड पक्के होते, वायरी पट्टीत बसवलेल्या होत्या, आणि आत्याच्या उशाशी एक वेगळं बटणसुद्धा होतं.

"मामा, झालं की काम," मी बाहेर येऊन म्हणालो.

"कुठं झालं?" मामा म्हणाले आणि गाडीच्या मागच्या बाजूला गेले. तिथं खाली बसून त्यांनी एका चांगल्या जोडाची टेप नखानं सोडवली, पीळ उलटा फिरवला आणि वायरची दोन्ही टोकं माझ्यापुढं धरली. "हे बघ. ढिलं हाय."

मी खाली बसून दोन्ही टोकं बघितली. मग म्हणालो, "हाव मामा. लई ढिलं हाय. वेळ लागंल."

आत्या वेणी घालतच राहिली. ताईनं शेजारी पडलेला टेपचा रोल उचलला आणि मागं न बघता मामांच्या हातात दिला.