शमीमचा नकाशा आणि माझी लिंबं

मला ताप आला होता तेव्हा शमीम संत्री घेऊन आली. शेजारीण आजारी माणसाला फळं आणते, त्यात नवल नाही. पण हिनं आधी पर्समधून पेन काढलं, संत्र्यावर उभ्या-आडव्या रेघा ओढल्या, साल अख्खी सोलली आणि माझ्या उशाशी फरशीवर दाबत बसली. साल फाटली. मग दुसरं संत्रं घेतलं. तेही तसंच.

"बघा काकी, गोल वस्तू सपाट करायची म्हंजी फाटती, न्हायतर ताणावी लागती. पृथ्वीचंबी तसंच. नकाशात कुठंतरी खोटं बोलावंच लागतंय. किती आन कुठं, एवढंच आपल्या हातात."

"शमीम, मला दोन फोडी दे आन घरी जा."

फोडींना शाईचा वास येत होता.

ती कळंबच्या उर्दू शाळेत शिकवायची. रोज एसटीनं जाणं-येणं. आमची दारं समोरासमोर, मी तिच्याहून बरीच मोठी आणि जेमतेम चौथी शिकलेली. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात. हिनं हैदराबादच्या लेकीकडून जुना लॅपटॉप मागवला आणि नकाशे काढायला शिकू लागली. क्लास लॅपटॉपवर चालायचा. शिकलेलं ऐकवायला तिला समोर कुणीतरी लागायचं, आणि समोर मी राहत होते.

माझी भाकर तव्यावर असायची आणि ही दारात उभी राहून सांगायची, "जुन्या जहाजवाल्यांना दिशा बरोबर पायजे होती. म्हणून त्यांनी उत्तरेकडचे देश फुगवून काढले."

"फुगू दे. माझी भाकर फुगंना झालीय, ते बघ."

एकदा तर भर उन्हात मला खळ्यात बांबू धरून उभं केलं. स्वतः लांब जाऊन फोनमधून कोन मोजत बसली. मी हलले की ओरडायची, "हलू नका काकी, तुमी म्हंजी त्रिकोणाचं टोक! एक बाजू मोजली की बाकीचं गणित करतंय, चालायची गरज न्हाय."

"गणिताला म्हणावं बांबूबी धर."

एवढं असून मीच तिला माझ्या कामाला लावलं. आमच्या रानाला लागून बापूरावाचं रान आहे. मधल्या बांधाजवळून, त्याच्या बाजूनं, मागच्या शेतांकडं गाडीवाट जायची. एका उन्हाळ्यात बापूरावानं ती नांगरून टाकली आणि म्हणाला, "हितं वाट कवाच नव्हती." मागं माझं सोयाबीनचं रान, आणखी घरांचीही रानं. पोती डोक्यावरून आणायची पाळी आली. मुलगा म्हणाला, आपल्या बाजूनं वाट काढू. आमच्या बाजूला बांधालगत सासऱ्यांनी लावलेली लिंबोणीची रांग होती, बारमाही लागायची. तिला मी कुऱ्हाड लागू देणार नव्हते.

निजामाच्या वेळच्या गावनकाशाची नक्कल काढून आणली. त्यावरचं लिखाण सगळं उर्दू. गावानं ठरवलं, शमीमबाई वाचून जिथं वाट दाखवतील तिथं मानायची. बापूराव हो म्हणाला, मीही शब्द दिला.

तिनं तो नकाशा लॅपटॉपवर घेतला. वरून काढलेल्या फोटोत आणि नकाशात जी ठिकाणं सारखी, ती खिळे मारल्यासारखी एकमेकांवर बसवायची, असं ते काम. शिवेचे दोन दगड, जुनी बारव आणि मारुतीचं देऊळ हे तिचे खिळे. पण सगळं नीट बसेना. तिनं गावभर विचारलं, "देऊळ जुनंच हाय ना? हितंच व्हतं ना आधीपासनं?" सगळे म्हणाले, पणज्याच्या काळातलं. मीही म्हणाले, "देव कुठं हलतो का?" मग ती म्हणाली, मूळ नकाशा कापडावरचा, ते कापड आटलं असेल. थोडं ताणलं आणि बसवलं. वाट निघाली बापूरावाच्या रानात. मी गल्लीत साखर वाटली. बापूराव म्हणाला, "तूर निघाली की सोडतो."

त्याच महिन्यात माझ्या नातवाचं लग्न होतं. आमच्याकडं नवरदेव आधी ओढ्याकाठच्या शेंदराच्या दगडाला पाया पडतो, मग देवळात. वाजंत्री चालू होती. शमीम माझ्या शेजारी.

"काकी, आधी हितं का?"

"हाच थोरला मारुती. ओढ्यानं काठ खाल्ला म्हणून सासऱ्यांच्या वक्ताला देऊळ तिकडं नेलं."

ती माझ्याकडं वळली. "आन हे तुमी मला कवा सांगणार व्हता?"

"तू विचारलंस का?"

"देऊळ हललंय का, हेच तर विचारत हिंडले मी गावभर!"

आम्ही खोटं बोललो नव्हतो. दर लग्नात त्या दगडाला नारळ फोडतो, पण देव हलला असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली. तोंड उतरलेलं. खिळा थोरल्या मारुतीवर मारला तर सगळं न ताणता बसलं होतं. वाट आमच्या लिंबोणीतून जात होती. सासऱ्यांनी झाडं वाटेवरच लावली आणि गाड्या हळूहळू शेजाऱ्याच्या रानात सरकल्या.

"गप बस," मी म्हणाले. "मिटलंय सगळं."

"न्हाय काकी."

"तूच म्हणतीस ना, नकाशात खोटं बोलावंच लागतंय? मग माझ्या बाजूनं बोल की!"

"ते खोटं सांगून बोलायचं असतंय. लपवून न्हाय."

"बापूराव तुझा कोण लागतो?"

"कुणी न्हाय. म्हणून तर."

संध्याकाळी पारावर तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, आपली चूक झाली, हेही सांगितलं. बापूरावानं मिशीवर हात फिरवला. मी शब्द दिलेला होता. झाडं तोडली. कुऱ्हाड चालू असताना शमीम तिथं येऊन उभी राहिली. "जा हितनं," मी म्हणाले. गेली नाही. शेवटचं झाड पडेपर्यंत थांबली आणि ओढून बाजूला टाकायला फांद्याही धरल्या. हाताला काटे लागले तिच्या. लागू दे म्हटलं.

पुढं किती तरी दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती बोलायचीच, माझ्या अबोल्याचा तिच्यावर काही उपयोग व्हायचा नाही. मग तिचं दुखणं निघालं, लेक हैदराबादला घेऊन गेली, आणि तिकडंच ती वारली. मातीलाही जाता आलं नाही मला.

वाट आता पक्की झाली आहे. तिच्यावरून सगळ्यात जास्त बापूरावाचाच ट्रॅक्टर जातो. लोक तिला बाईंची वाट म्हणतात. झाडं माझी गेली आणि नाव तिचं. सुरुवातीला मी एकदोघांना टोकलं. परवा सोयाबीन न्यायला नवा टेम्पोवाला आला, त्यानं फोन करून रस्ता विचारला. मी म्हणाले, "बाईंच्या वाटेनं ये, सरळ माझ्या रानात येशील."