आठची वेळ

कामठी रस्त्यावर सुताचे एक मोठे गोदाम होते. त्याच्या फाटकाशी पत्र्याच्या केबिनमध्ये बसून ट्रकवाल्यांना माल उतरवायच्या वेळा द्यायच्या, ही माझी नोकरी. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. ट्रक आला की ड्रायव्हर खिडकीशी यायचा, मी त्याचे लायसन ठेवून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशीच्या वेळेची चिठ्ठी शिक्का मारून द्यायचो. गाडी खाली झाली की लायसन परत. लायसन ठेवले नाही तर हे लोक गाडी फाटकात सोडून गावभर हिंडतात, असे मॅनेजरचे म्हणणे होते. खोटे कशाला बोलू, माझेही तेच म्हणणे होते.

वेळ मात्र सगळ्यांना एकच, सकाळचे आठ. पाच गाड्या असोत की दहा, प्रत्येकीच्या चिठ्ठीवर आठ. एक गाडी खाली व्हायला पाऊण तास तरी लागतो हे मला ठाऊक होते, मॅनेजरलाही ठाऊक होते. पण हमाल क्षणभरही रिकामे बसायला नकोत, म्हणून गाड्या आपल्या दारात ओळीने हजर हव्यात. बसून राहायचे ते ड्रायव्हरांनी. मुरलेले ड्रायव्हर चिठ्ठी पाहून नुसते हसायचे आणि सकाळी येताना दुपारची भाकर बांधूनच आणायचे.

तो मुरलेला नव्हता. काटोलकडचा, पस्तिशीच्या आतबाहेरचा, अंगाने काटक. हंगामात संत्री भरायचा, एरवी मिळेल तो माल. आमच्या फाटकावर पहिल्यांदाच आला होता. लायसन पुढे सरकवता सरकवता थांबला.

"बाबूजी, आठची वेळ पक्की हाय ना? उद्या अकराले माही परीक्षा हाय, सरकारी बसच्या डेपोत. तिथं हेच लायसन दाखवा लागते."

मी शिक्का शाईवर दाबत होतो.

"पक्की नसन तर सांगा. माहा एक दोस्त कामठीत हाय. त्याले आणतो, तो त्याचं लायसन जमा करन, गाडी तोच लावन."

ड्रायव्हरच्या नोकरीसाठी त्याचे वय त्या वर्षी शेवटचे बसत होते, हेही त्याने सांगितले. मी उगाच विचारले, ट्रकवर पैसे जास्त सुटतात ना, मग बस काहून?

"तिथं टाइमटेबल असते ना जी," तो म्हणाला. "इतके वाजता निघाचं, इतके वाजता घरी. पोरीले सांगता येते, बाप कधी येईन ते."

तेव्हा सांगायला हवे होते. एक वाक्य पुरे होते, जा गड्या, दोस्ताला घेऊन ये. पण माझ्यासमोर चार चिठ्ठ्या आधीच आठच्या लिहून झाल्या होत्या आणि शिक्क्यापेक्षा कारकुनाचा शब्द वेगळा कसा निघणार? शिवाय, घरी जायची घाई होती. "आठ म्हणजे आठ," असे म्हणून मी लायसन लोखंडी कपाटात टाकले. तो खूश होऊन गेला.

सकाळी त्याची गाडी पाचवी लागली. धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता, केसांना तेल. हमालांनी पहिल्या गाडीला हात लावला तेव्हा साडेआठ झाले होते. नवाच्या सुमारास तो खिडकीशी आला, चिठ्ठी तेवढी दाखवली. मी म्हणालो, होते आहे, होते आहे. साडेनवाला दुसरी गाडी अर्धीही रिकामी नव्हती.

दहाला तो पुन्हा आला. "बाबूजी, लायसन तेवढं देऊन द्या. गाडी इथंच उभी हाय. चावी ठेवा, पाहिजे तर घड्याळ ठेवा."

मागे एकाला मी असेच दिले होते. त्याची गाडी दोन दिवस फाटक अडवून उभी राहिली आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो खुलासा माझ्या डोक्यात बसला होता. कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती. मॅनेजरशिवाय देता येत नाही, असे मी म्हणालो. मॅनेजर हिंगण्याला गेला होता, संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. ड्रायव्हरने वाद घातला नाही. घातला असता तर मी दिलेही असते, असे पुढे कितीतरी वर्षे मी स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. मी भित्रा होतो, बस.

मग तो हमालांकडे गेला, तिसऱ्या गाडीच्या गाठी स्वतःच्या पाठीवर घेऊ लागला. सदऱ्याची रया गेली. मी खिडकीतून पाहत होतो. पावणेअकरा झाले, चौथी गाडी आत गेली, तेव्हा कुठे माझा धीर झाला आणि मी कपाट उघडले. लायसन दिले, वर माझी सायकलही दिली. डेपो तिथून सायकलने अर्ध्यापाऊण तासावर. हे त्यालाही कळत होते, मलाही. तरी तो गेला.

चारच्या सुमारास परतला. ड्रायव्हर नाही म्हणून त्याची गाडी भरलेलीच बाजूला काढून ठेवली होती, हमाल निघून गेले होते. त्याने सायकल भिंतीला लावली, सीट पुसली.

"काय झालं?"

"काही नाही जी. फाटक बंद झालं होतं." मग म्हणाला, "तिथं अकरा म्हणजे अकराच असते, बाबूजी."

त्यात टोमणा नव्हता. कौतुकाने बोलला तो, जशी एखाद्या चांगल्या घरची रीत सांगावी. शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते. गाडी उद्यावर गेली होती, म्हणून त्याने खिशातून लायसन काढले आणि आपणहून पुन्हा खिडकीतून आत सरकवले.

नवी चिठ्ठी लिहायला मी घेतली. तोवर दुसऱ्या दिवसासाठी आणखी तीन गाड्या लागल्या होत्या. मी आठ लिहिले, शिक्का मारला. त्याने चिठ्ठी वाचली नाही. घडी करून खिशात टाकली आणि उद्याची भाकर कुठे मिळेल ते विचारले.