तेताच्या टबावरची खिडकी

लॅडी कुख्ता फरशीकाम करायचा. पिट्सबर्गच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या चढावर घराला घर खेटून उभं आहे, तिथल्या निम्म्या न्हाणीघरांना त्याचा हात लागलेला. बोलायला फाटका, कामाला नेटका. एक खोड मात्र भारी वाईट. भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. सिलिकॉनची नळी कायम खिशात. एकदा चर्चच्या तळघरातल्या खिडकीची फट त्यानं कुणी न सांगता बुजवली. उन्हाळा आला, पिरोही, म्हणजे सारण भरलेल्या करंज्या लाटणाऱ्या बायका घामानं निथळायला लागल्या आणि खिडकी काही उघडेना. तेव्हा बायकांनी त्याला लाटणं दाखवलं. त्याची बायको रीटा म्हणायची, "ह्यो मेला तर पेटीबी आतनं लिपून घेईल."

टबावरच्या खिडकीशी तर त्याचं वैरच होतं. त्या भागातली घरं बांधली तेव्हा माणसं टबात बसून अंग धुवायची, म्हणून बांधणाऱ्यानं बिनधास्त टबावर खिडकी ठेवली. पुढं शॉवर आले, पाणी खिडकीवर उडायला लागलं आणि चौकटी आतल्या आत कुजल्या. गिऱ्हाइकानं बोलावलं की लॅडीचं उत्तर ठरलेलं. खिडकी उपटा, काचेच्या जाड विटा लावा. उजेड आत येतो, पाणी आत जात नाही, विषय मिटला. गल्लीत मान वर करून चाललं की त्याच्या विटाच विटा दिसत.

मग तेताच्या जेवणाच्या खोलीचं छत खाली आलं.

तेता म्हणजे आत्या. लुडमिला ही लॅडीच्या बापाची बहीण, पण तिला सगळी गल्लीच तेता म्हणे. आई गेल्यावर लॅडीला तिनंच वाढवला, पळीनं वाढून आणि पळीनंच हाणून. छत पडलं ते नेमकं टेबलावर. कुणी जेवत नव्हतं म्हणून बरं. लॅडीनं वरच्या टबामागची भिंत उकलली, तर खिडकीखालचं लाकूड भिजल्या पावासारखं बोटानं निघत होतं.

"विटा," लॅडी म्हणाला. "गाडीत हायतच."

"तुज्या विटा तुज्या घराला लाव. माजी खिडकी उघडली पायजे."

"वारंच पायजे तर पंखा बशिवतो की, आत्या."

"पंखा बोलतो व्हय रं माज्यासंगं?"

तेताच्या खिडकीसमोर, मधे एक बोळ सोडला की व्हेरोना बालोगच्या न्हाणीघराची खिडकी. दोघी विधवा. शनिवारी दुपारी दोघी आपापल्या टबात बसायच्या, दोन्ही खिडक्या वर सरकवायच्या आणि अंग चोळता चोळता गावाच्या कुटाळक्या करायच्या. दोन हिवाळ्यांमागं बोलता बोलता व्हेरोनाचा आवाज मधेच तुटला. तेतानं दोनदा हाक मारली, मग ओल्या अंगावर झगा ओढून धावली. व्हेरोना खुबा मोडून टबात पडली होती. खिडकी नसती तर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला का आली नाही म्हणून लोक शोधत आले असते, तोवर ती तशीच पडून राहिली असती. तेव्हापासून एकीची खिडकी उघडल्याशिवाय दुसरी पाण्याला हात लावत नसे.

लॅडीला हे सगळं ठाऊक होतं. पण त्याला पाणीही ठाऊक होतं.

"एकडाव करून देतो," तो म्हणाला. "गळलं तर विटा."

"गळलं तर विटा," तेता म्हणाली. "आनि न्हाई गळलं तर त्या विटांचं नाव माज्यापुढं काढायचं न्हाई. मरस्तवर."

काम त्यानं जीव ओतून केलं, आत्याच्या घरात हयगय करायची सोय नव्हती. कुजकं सगळं उपटलं. लाकडाच्या जागी व्हिनाइलची खिडकी बसवली. भिंतीला सिमेंटची शीट ठोकली आणि खिडकीच्या कोनाड्यात आतपर्यंत वळवून नेली. त्यावर वाळून रबरासारखा होणाऱ्या, पाणी अडवणाऱ्या रंगाचे दोन हात दिले, कोपऱ्यांत कापडी पट्ट्या दाबल्या. खिडकीच्या तळाला एकसंध दगडी पाटी, जोड नको म्हणून, आणि तिला टबाकडं उतार, पाणी थांबायला नको म्हणून. मग फरशी. शेवटी बाहेरून शिडी लावून चौकटीभोवती सिलिकॉनचा बोटभर पट्टा फिरवला. खालचं छत मुद्दाम उघडं ठेवलं.

पहिली चाचणी त्यानंच घेतली. शॉवर सोडला, खाली येऊन बघितलं, सगळं कोरडं.

तेता दारात उभी होती, मेलेल्या नवऱ्याचा पावसाळी कोट चढवून.

"अशी कोन आंगूळ करतं रं? झाडाला पानी घालतुयास व्हय? सर बाजूला."

ती कोटासकट टबात बसली. एक भलंमोठं पातेलं भरलं आणि खांद्यावरून असं भिरकावलं की निम्मं पाणी अंगावर आणि निम्मं खिडकीवर. "जा खाली," ती म्हणाली. "मी चालू ठेवते."

लॅडी दिवा घेऊन उघड्या छताखाली उभा राहिला. वर पातेल्यामागून पातेलं आदळत होतं. थोड्या वेळानं खिडकीखालचं एक लाकूड काळं पडलं. त्याच्या टोकाला थेंब धरला आणि टेबलावर पडला.

लॅडी वर गेला. "गळतंय."

"थापा मारतुयास."

"ये, बघ."

तेता कोट निथळत खाली आली. तिनं तळहात पुढं केला, त्यावर एक थेंब घेतला आणि बघत राहिली. तशीच ती वर गेली आणि खिडकी सरकवून ओरडली, "व्हेरोना! गेली गं आपली खिडकी!"

लॅडी तिच्या मागं उभा राहून आपलं काम न्याहाळत होता. पाटीचा उतार बरोबर, कोपरे बरोबर. पाणी शिरलं कुठनं, कळेना.

समोरच्या खिडकीतून व्हेरोनाचं ओलं डोकं बाहेर आलं. "गेली म्हंजी? आगं, तिला मुतायला जागाच ठेवली न्हाई, मंग ती आतच करनार की!"

"काय बोलतीयास?"

"माज्या खिडकीला भायेरनं, खालच्या अंगाला दोन भोकं हायत. आत शिरल्यालं पानी तिथनं गळून जातंय. तुज्या भाच्यानं ती बुजवल्यात. हितनं पांढरी पांढरी दिसत्यात की!"

लॅडीनं डोळे मिटले. शिडीवर असताना पट्टा फिरवता फिरवता दोन बारीक भोकं दिसली होती आणि हातानं त्याला न विचारताच ती लिपली होती. विटांना असली भोकं नसतात. खिडकीच्या खाचेत पाणी साठलं, बाहेर जायला वाट नाही, म्हणून चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीत उतरलं.

"भोकं असू देत न्हाईतर नसू देत," तेता म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्दाला ती पक्की. "गळलं तर विटा, मी बोलले हुते. आन तुज्या विटा."

लॅडीला नुसतं खाली जाऊन गाडीचं दार उघडायचं होतं.

"सौदा पुऱ्या कामाचा हुता, आत्या," तो म्हणाला. "काम अजून पुरं कुटं झालंय?"

तो बोळात गेला, शिडी लावली आणि सुरीच्या टोकानं पहिलं भोक मोकळं केलं. साठलेलं पाणी धारेनं सुटलं ते थेट त्याच्या बाहीतून काखेपर्यंत. व्हेरोना खिडकीत बसून बघत होती.

"बघ गं लुडमिला, किती वेळ दाबून धरलं हुतं बिचारीनं!"

दुसरंही भोक त्यानं कोरलं. आठवडाभर खिडकीखालची भिंत पंख्यानं सुकवली, चौकटीचे आतले कोपरे नव्यानं बंद केले. त्या शनिवारी तो पुन्हा दिवा घेऊन टेबलाशी उभा राहिला. वर पातेली आदळत होती, बाहेर बोळात पाणी ठिबकत होतं. त्यानं मान दुखेपर्यंत वर बघितलं. लाकूड कोरडं होतं. हात फिरवून बघितला, तरी कोरडं.

"आत्या!" तो ओरडला. "कोरडं हाय!"

वरून ओ आली नाही. व्हेरोनाच्या सुनेचा विषय निघाला होता.