ताऱ्यातला कार्बन कुणाचा

म्हाताऱ्या ताऱ्यांमध्ये लोखंड किती आणि कार्बन किती, हे मोजणं माझं पोटापाण्याचं काम. "काय करून राह्यली आजकाल?" असं बाबा फोनवर विचारायचे, तेव्हा मी खेकसायची, "बाबा, तुम्हाले नाही समजणार." पांढरकवड्याच्या तहसिलीत जन्मभर कारकुनी केलेला माणूस, त्याला काय कळणार, असा माझा तोरा. आज तो आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग त्यांची फुफ्फुसं थकली. थोडेच दिवस उरलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी बंगळुरूहून घरी आले. एका दुपारी ते उशीला टेकून बसले होते, नाकात ऑक्सिजनची नळी. म्हणाले, "आता तरी सांग. नाही समजलं तं नाही समजलं."

मी लॅपटॉपवर एका ताऱ्याच्या प्रकाशाचा पट्टा दाखवला. त्यातली प्रत्येक काळी रेघ कुठल्या ना कुठल्या मूलद्रव्याची. हा तारा फार जुना, म्हणून लोखंड नावापुरतं. पण कार्बन बख्खळ. बाबांनी चष्मा लावून निरखून पाहिलं.

"इतका कार्बन याच्यापाशी आला कुठून? वारसानं, का कोणी बक्षीस दिला?"

जमीन कुणाकडून कुणाकडे गेली याच्या नोंदी तपासण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. काही ताऱ्यांना कार्बन जन्मतःच मिळतो. काहींवर त्यांचा जोडीदार तारा तो ओततो. हा जोडीदार आधी म्हातारा होतो, असेल नसेल ते देऊन टाकतो, विझत जातो आणि मग दिसतही नाही. जोडीदारानं दिलं असेल तर बेरियमही जास्त सापडतं. आणि बेरियम मी मोजलंच नव्हतं. कार्बनच्या रेघांच्या गर्दीत त्याची रेघ हुडकायची म्हणजे नुसती डोकेफोड, म्हणून टाळत आले होते.

"देणाऱ्याचा पत्ता नाही, तं नोंद पक्की कशी करतं तू?" बाबा म्हणाले. "जाय, पाहून ये. मी थांबतो."

ते थांबतो म्हणाले, म्हणून मी गेले. मोजणीचं सगळं सामान बंगळुरूला आहे, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्यांची धाप मला ऐकवत नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी बेरियम सापडलं. चांगलं भरपूर. आईला फोन लावला आणि ती काही बोलायच्या आत म्हटलं, "आई, तू बोलू नको, आधी फोन बाबाच्या कानाले लाव." मग मी सुटलेच. जोडीदारानंच दिलं बाबा, सगळं त्यानंच दिलं, तुमचं विचारणं बरोबर होतं, मीच शहाणपणा मिरवत राहिले, माफ करा मला. पाच-सात मिनिटं बोलले असेन. पलीकडे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर नव्हती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग आईचा आवाज आला.

"झालं का बोलून, बाई? अर्धा तास झाला त्यायले जाऊन. तू म्हटलं कानाले लाव, तं लावला."