एकतीस कागदांची भिंत

खळ ढवळताना ते बादलीत कधी बघायचे नाहीत. हाताला कळतं, म्हणायचे. पॅन्टचा उजवा खिसा हात पुसून पुसून पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. रस्त्यानं जाताना दिसेल त्या भिंतीला तळवा टेकवून ओल बघायचे, भिंत कुणाची का असेना. चष्मा शर्टाच्या खिशात, आणि वाचायचं मात्र डोळे बारीक करून. पावाचे चार तुकडे करायचे, तीन खायचे, चौथा कागदात बांधून ठेवायचे आणि विसरायचे. काहीही बिघडलं की म्हणायचे, "बसेल." कागदाला बुडबुडा आला, बसेल. मालकांचं डोकं फिरलं, बसेल.

छापखान्यात सगळे त्यांना डिंक्या म्हणत. वय साठीला टेकलं तरी डिंक्याच. मी काका म्हणायचे. साहित्यात एम.ए. करून मी तिथं मुद्रितं तपासायला लागले होते, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणायचे. आमच्याकडे जाहिरातींची पोस्टर छापली जात आणि काका ती शहरभर चिकटवत. चौतीस वर्षं. पहाटे खळ शिजवायची, बादली सायकलला अडकवायची, शिडी खांद्यावर घ्यायची आणि निघायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली. सकाळी दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी काका चौकात शिडीवर होते. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, "पोस्टरवर उद्याची तारीख होती." त्यांच्या मुलीनं कोपऱ्यावरून ते पाहिलं. त्या आठवड्यात ती मावशीकडे राहायला गेली. नंतर वडिलांशी बोलली नाही.

हे मला त्यांनीच सांगितलं. एका दमात, पाव खाता खाता.

बायकोला एका रॉक गायकाचं वेड होतं. भांडी घासताना त्याची गाणी ओरडून म्हणायची आणि मुलगी झाकण वाजवायची. "मला तो गोंगाट वाटायचा," काका म्हणाले. "मी म्हणायचो, हळू, शेजारी झोपलेत. शेजारी भर दुपारी कशाला झोपतील?"

त्याच गायकाचा कार्यक्रम आमच्या शहरात ठरला. पोस्टर आमच्याकडे आली. तिशी ओलांडलेल्या मशीनवर त्याचा चेहरा तीनशे वेळा छापला गेला, आणि काका पहिला ओला कागद दोन हातांत धरून उभे राहिले. मीही त्याची जुनी चाहती. आमचा चाळीसेक जणांचा गट होता, फोनवर रोज बडबड चालायची. मीच त्यांना दोन तिकिटं मिळवून दिली. त्यांनी मुलीला कळवलं. तिचं उत्तर आलं, "येते. फक्त कार्यक्रमापुरती."

ते उत्तर त्यांनी मला त्या दिवशी तीन वेळा दाखवलं.

"फक्त कार्यक्रमापुरती म्हणजे किती तास?" त्यांनी विचारलं.

"अडीच-तीन."

"पुष्कळ झाले."

मुलगी परिचारिका होती. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी तिचं विमान होतं. परदेशातल्या इस्पितळात तीन वर्षांची नोकरी. म्हणजे एवढी एकच संध्याकाळ होती.

नऊ दिवस आधी बातमी आली. गायकाची थोरली बहीण गेली. आईवडिलांच्या मागे तिनंच त्याला वाढवलं होतं. त्यानं सगळे कार्यक्रम सहा महिने पुढे ढकलले.

आमच्या गटात आधी सगळे चिडले. कुणी रजा टाकली होती, कुणी दुसऱ्या गावाहून यायचं ठरवलं होतं. एकानं लिहिलं, "बहीणच ना. सहा महिने?" मग गटातल्या एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं, "माझी ताई मागच्या वर्षी गेली. तिसऱ्या दिवशी मी वर्गावर होते. अजून रडले नाही." त्यानंतर एकेक जण लिहू लागला. कुणाचे वडील, कुणाचा मित्र, कुणाचं चार दिवसांचं बाळ. दोन वर्षं ज्यांच्याशी मी फक्त गाण्यांवरून भांडले होते, त्यांच्या घरात कोण कोण नव्हतं ते मला त्या दिवशी कळलं.

छापखान्यात तीनशे पट्ट्यांचं काम आलं. "कार्यक्रम पुढे ढकलला आहे. कुटुंबातील निधनामुळे." मुद्रित मीच तपासलं. पट्टी पोस्टरवर तिरकी, चेहऱ्यावरून लावायची, अशी आयोजकांची सूचना होती. रविवारी मी काकांबरोबर शिडी धरायला गेले. ते पट्टी चेहऱ्याच्या खाली, छातीवर लावत होते.

"काका, चेहऱ्यावरून सांगितलंय."

"आत्ता बहीण गेलीय त्याची. तोंडावर काय पट्टी मारतेस?"

"मी नाही, ते म्हणालेत."

"मग त्यांना चढू दे शिडीवर."

पुढच्या भिंतीला शिडी लावून ते चढले आणि वरूनच म्हणाले, "बहिणीसाठी सहा महिने. मी बायकोसाठी एक रात्र. हिशेब बरा जमवला ना मी?"

मी शिडी घट्ट धरली.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला कळवायला माझी मदत मागितली. कार्यक्रम नसला तरी भेट, एवढंच म्हणायचं होतं. मी लिहून दिलं. त्यांनी डोळे बारीक करून दोनदा वाचलं.

"छान आहे. पण हे तुझं झालं. तिला लगेच कळेल, बापाला एवढं बोलता येत नाही."

त्यांनी माझा मजकूर पुसला आणि लिहिलं, "कार्यक्रम नाही." दहा मिनिटांनी उत्तर आलं, "कळलं." त्यांनी फोन पालथा ठेवला.

भिंतीची कल्पना गटातल्या बस ड्रायव्हरची. तो म्हणाला, फोनवर लिहिलेलं वाहून जातं, गायकाला कुठंतरी मोठ्या अक्षरात सांत्वन लिहून पाठवू. मी हे काकांना सांगितलं, सहज. त्यांनी विचारलं, "किती माणसं लिहिणार?" दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या, न खपलेल्या पोस्टरांचे एकतीस मोठे कागद बाजूला काढले. पाठी कोऱ्या होत्या. कार्यक्रम ज्या सभागृहात होणार होता, त्याची रस्त्याकडची लांब भिंत त्यांनी व्यवस्थापकांकडून आठ दिवसांसाठी मागून घेतली. चौतीस वर्षांची ओळख होती.

ठरल्या तारखेला, ज्या संध्याकाळी कार्यक्रम व्हायचा होता, त्या दिवशी सकाळपासून ते कागद लावत होते. डावीकडून सुरुवात केली. प्रत्येक कागदाची कड आधीच्या कागदावर दोन बोटं चढवलेली. खळ नेहमीपेक्षा पातळ होती.

"पडणार नाहीत ना?" मी विचारलं.

"पडणार नाहीत. पण निघतील. आयुष्यात पहिल्यांदा निघेल अशी खळ केलीय, हात वळत नव्हता."

दुपारपर्यंत माणसं जमली. गटातले चाळीस, आणि ज्यांना पुढे ढकलल्याचं माहीतच नव्हतं असेही. काही जण चिडून आले होते, ते पट्टी वाचून पेन मागू लागले. बस ड्रायव्हर गणवेशातच आला होता, लिहून झाल्यावर त्यानं टोपी पुन्हा घातलीच नाही. काका उजव्या टोकाला अजून चिकटवत होते, आणि डावीकडे कागद भरत चालले होते.

चारच्या सुमारास निळ्या स्वेटरमधली एक मुलगी माझ्याजवळ आली. बराच वेळ ती रस्त्यापलीकडे उभी होती. तिनं जाडं पेन मागितलं. पहिला कागद खालचा एक कोपरा सोडून भरला होता. ती तिथं उकिडवी बसली, लिहिलं, पेन परत दिलं आणि निघून गेली. मी वाकून वाचलं.

"तुमची ताई गेल्याचं वाचलं. तुम्ही थांबलात ते बरं केलंत. आई गेली तेव्हा बाबा दुसऱ्या दिवशी शिडीवर चढले. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आज त्यांना तुमच्यासाठी एवढी भिंत लावताना बघितलं. चढताना दम लागतो त्यांना. हाक मारायची होती, जमलं नाही. उद्या मी जाते. नव्या तारखेला रजा घेऊन येईन. बाबा, माझं तिकीट टाकू नका."

मी धावत कोपऱ्यापर्यंत गेले. ती दिसली नाही.

काकांना सांगितलं तेव्हा ते शिडीवरून उतरले आणि खालच्या पायरीवर बसले.

"कशी दिसते?"

"निळा स्वेटर होता. केस बारीक कापलेत."

"कापले?" मग, "काही म्हणाली?"

"लिहिलंय. पहिल्या कागदावर."

ते उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी बादली उचलली आणि एकतिसावा कागद लावला.

दुसऱ्या दिवसापासून भिंत उतरवायचं काम सुरू झालं. कडा एकमेकांवर चढवल्या होत्या, म्हणून जो शेवटी लावला तो आधी काढायचा. कोमट पाण्यात स्पंज बुडवायचा, कागद भिजवायचा, थांबायचं, मग दोन कोपरे धरून सोलायचा. कागद छापखान्यात दोरीवर वाळत घालायचे, गुंडाळायचे आणि गायकाला पाठवायचे, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी नऊ निघाले. एकही फाटला नाही.

पण पहिला कागद वाचायला ते गेले नाहीत. भिंत तीसेक पावलांची. रोज त्या कागदासमोरूनच सायकल नेत होते.

"काका, वाचा तरी."

"पोचलो की वाचीन."

"मी सांगू का?"

"पुस्तकाचा शेवट आधीच सांगणाऱ्याला तुमच्यात काय म्हणतात, मास्तरीणबाई?"

"हे पुस्तक नाहीये."

ते स्पंज पिळत राहिले. "काही वाईट लिहिलं असेल तर मला पुढचा कागद सोलता येणार नाही. हात चालणार नाही. ही माणसांची कामं आहेत, अर्धवट कशी टाकू? आधी ही उतरवतो."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन शब्द होते. वाईट नाहीये. पण मला वाटलं, त्यांचं त्यांना वाचू द्यावं. आपल्या डोळ्यांनी, आपल्या वेळेला. दोन-तीन दिवसांनी काय बिघडतं?

दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी साडेतीनपर्यंत नऊ. उजेड भरपूर होता, पाणी कोमट होतं, तीनच कागद उरले होते. काकांनी स्पंज पिळून बादलीच्या काठावर ठेवला आणि हात खिशाला पुसले.

"उरलेले उद्या."

"आत्ता होतील की."

"उद्या दाढी करून येतो," ते म्हणाले. हसले. मला ते हसणं आवडलं, म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

सकाळी ते आले नाहीत. नऊला मालकांना फोन आला. त्यांच्या इमारतीच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, शेजारच्या बाईंना ते बसलेले दिसले. भिंतीला टेकून. बाईंना वाटलं, दम खातायत. दाढी केलेली होती.

मुलगी तिसऱ्या दिवशी पोचली. तोच निळा स्वेटर. इस्पितळातलं, स्मशानातलं, खोलीचं, सगळं तिनं न चुकता केलं, परिचारिका करतात तसं. दुपारी ती छापखान्यात आली. दोरीवर अठ्ठावीस कागद होते. तिनं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितले, मोजले असावेत.

"त्यांनी वाचलं होतं का?"

खोटं बोलावं असं मला वाटलं. वाक्य तयारही होतं.

"तीन कागद राहिले होते," मी म्हटलं.

तिला उतरवायचा क्रम मी सांगितला नाही. त्या घरातली होती ती, तिला तो कळत होता. तिनं मान हलवली आणि विचारलं, "त्यांना माहीत होतं, मी लिहिलंय?"

"हो."

"मग गेले का नाहीत?"

मी त्यांचं म्हणणं सांगितलं, जसंच्या तसं. हात चालणार नाही, ते. ती तिथल्या स्टुलावर बसली आणि पहिल्यांदा रडली. आवाज न करता, बराच वेळ. मशीन मालकांनी बंद केलं.

मग आम्ही दोघी भिंतीशी गेलो. मी बादलीत कोमट पाणी नेलं होतं. तिनं स्पंज भिजवला, तिसऱ्या कागदाच्या कोपऱ्याला लावला, थांबली, आणि कोपरा ओढला. नखाएवढा तुकडा फाटून हातात आला. तिनं स्पंज परत बादलीत टाकला.

"मला खळ ढवळता येते फक्त," ती म्हणाली. "काढायचं त्यांनी कधी शिकवलं नाही."

मीही हात लावला नाही. ती त्याच संध्याकाळी परतली.

व्यवस्थापकांनी दिलेले आठ दिवस कधीच संपले. ते काही बोलत नाहीत. अठ्ठावीस कागद गुंडाळून माझ्या टेबलाशेजारी उभे आहेत, गायकाचा पत्ता लिहून झाला आहे. पाठवायचं थांबलं आहे. तिसरा, दुसरा आणि पहिला, हे तीन भिंतीवर आहेत.