बॅनरमागची पाटी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकदाच कुणासाठी साक्ष दिली, आणि त्या साक्षीने माझा निकाल लावला.

सासरे म्हणजे बाबा. सातपाटीला त्यांची स्वतःची बोट होती. गुडघे गेले तशी ती विकली आणि ते आमच्याकडे बोईसरला राहायला आले. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. ‘आधी नीट वाचा, मग लिहा’ हे मी मुलांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही तेच बडबडते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. अशा बाईला पाटी न वाचल्याबद्दल दंड झाला.

झालं असं, की डोळे तपासायला मी बाबांना स्कूटरवरून पालघरला नेलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, काळा चष्मा दिला आणि संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल म्हणून बजावलं. बाबांना मागे बसवून मी बाजारातल्या एका गल्लीत वळले. गल्लीच्या तोंडाशी एक कललेला खांब होता आणि खांबावर कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर. नेते हात जोडून हसत होते. त्यांच्या पोटाखालून एका बाणाचं टोक तेवढं बाहेर आलं होतं आणि ते सरळ गल्लीत शिरा म्हणून सांगत होतं. मी शिरले.

हवालदार उभे होते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. (पहिल्या टोकाला उभे राहिले असते तर मी आत गेलेच नसते, आणि मग त्यांनी उभं तरी कशाला राहायचं?) त्यांनी स्कूटरचा फोटो काढला. या बाजूने प्रवेश बंद आहे, तशी पाटी आहे, म्हणाले. मी म्हटलं, तिथे पाटी नाही, नेते आहेत. त्यावर त्यांनी, वाचता येत नसेल तर गाडी चालवू नये, असा सल्ला दिला. बाबांच्या देखत. आम्ही घरी पोचायच्या आत चलनाचा मेसेज पोचला होता.

माझा नवरा दिलीप एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टला जातो. त्याने भरून टाक आणि मोकळी हो, एवढं सांगितलं आणि तो झोपला. मला झोप कुठली! पैशांचं काही नव्हतं. निरक्षर ठरले होते मी. बाबा म्हणाले, “तू लड. मी हाय ना साक्षीला.”

मी बॅनरचे फोटो घेऊन वाहतुकीच्या कार्यालयात गेले. साहेबांनी फोटो उलटसुलट करून पाहिले.

“यात पाटी कुठे दिसतेय?”

“तेच सांगतेय साहेब, दिसत नाहीये.”

“मग मागे पाटी आहे कशावरून?”

“तुमचे हवालदारच म्हणाले.”

“म्हणजे पाटी आहे, हे तुम्हाला मान्य आहे.”

तोंडी परीक्षेत नापास झालेली मुलं कशी बाहेर येत असतील, ते मला त्या दिवशी कळलं. निघताना साहेबांनी दया येऊन एक मार्ग सुचवला. बॅनर उचलून मागच्या पाटीचा फोटो काढून आणा, म्हणजे बॅनरने पाटी झाकली जाते हे सिद्ध होईल, मग आम्ही जागेची पाहणी करू.

रविवारी आम्ही दोघं परत त्या गल्लीत. बाबांच्या हातात मोबाइल, माझ्या हातात बाबांची काठी. (बाबांनी काढलेले सगळे फोटो त्यांच्या स्वतःच्या हनुवटीचे निघाले.) मी काठीने बॅनरचं टोक वर ढकललं, वारा आला, आणि उन्हाने कुजलेलं ते कापड नेत्यांच्या जोडलेल्या हातांपासून मिशीपर्यंत उभं फाटलं.

त्या गल्लीत पत्ता विचारला तर कुणी थांबत नाही. त्या दिवशी आमच्याभोवती नेत्यांच्या कार्यकर्त्यांचं कडंच पडलं. मी चलन दाखवलं, पाटी दाखवली, बाबांचं वय दाखवलं. त्यांना कॅमेऱ्यासमोर माफी हवी होती. मागितली. रडू येत होतं, तरी शुद्ध मराठीत मागितली. संध्याकाळी तो व्हिडिओ आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आला. मुख्याध्यापिकांनी खाली लिहिलं, “उच्चार स्पष्ट.”

कार्यकर्त्यांनी फाटका बॅनर सन्मानाने उतरवून नेला. त्यामुळे साहेब पाहणीला आले तेव्हा पाटी उन्हात लखलखत होती. ‘प्रवेश बंद’, आणि त्याखाली पर्यायी मार्गाचा तो बाण, कललेल्या खांबाबरोबर गल्लीकडे वळलेला.

“मॅडम, ही तर लांबूनही वाचता येतेय.”

मी म्हटलं, रविवारपर्यंत इथे बॅनर होता, तुम्ही फोटोत पाहिलात. साहेब म्हणाले, हो, आणि रविवारी काय झालं तो व्हिडिओही पाहिला. त्याचं कलम वेगळं आहे, लावू का? मी नको म्हटलं.

राहिली लोकअदालत. दिलीपने रजा टाकली. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. तडजोड घडवायला समोर बसलेल्या वकीलबाई प्रेमळ होत्या; बाजूला वाहतुकीचे साहेब. बाबा साक्ष द्यायचीच म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांनी हसून विचारलं, “आजोबा, तुम्हाला पाटी दिसली होती का?”

“नाय दिसली,” बाबा ठामपणे म्हणाले.

मी विजयाने सगळ्यांकडे पाहून घेतलं.

“मग काय दिसलं?”

“काय बी नाय. डोल्यात औषध व्हतं. मना सुनबाय बी दिसत नव्हती, नुसती तिची ओढनी.”

साहेबसुद्धा हसले. तडजोड झाली, दंडातला थोडा सुटला, उरलेला मी भरला आणि चूक मान्य असल्याची सही केली. पाटी वाचता आली नाही, पण हे मात्र सगळं नीट वाचून सही केली.

जिन्यात मी बाबांना चिडून म्हटलं, ‘नाय दिसली’ एवढ्यावर थांबला असतात तर काय बिघडलं असतं? बाबा कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. वर न बघता म्हणाले, “मना वाटलं, आपन खरं बोलाया आलोय.”

बोईसरपर्यंत दिलीप इतक्या समाधानाने गप्प होता की त्यापेक्षा त्याने ‘मी सांगितलं होतं’ म्हटलेलं परवडलं असतं.

पुढे शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. बाईंना अनुभव आहे, म्हणून भाषण मलाच दिलं. पाहुणे म्हणून तेच साहेब. मी खणखणीत आवाजात सांगितलं की रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचावी आणि पाळावी. शेवटी सातवीतली एक मुलगी उभी राहिली.

“बाई, पण पाटी झाकलेली असली तर?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, “विषयाला धरून विचार,” आणि खाली बसवलं. पहिली टाळी साहेबांनी वाजवली. दुसरी मी.